पानाला चिकटलेले जीव

सोमवार, ३ मार्च

ताई,

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की तू पाठवलेल्या अळ्या मेल्या. ते चूक होतं. अळ्या मेलेल्या नाहीत. निदान बऱ्याचशा नाहीत. सगळी पानं बघून झाल्याशिवाय मी सगळ्या म्हणणार नाही.

चूक कशी झाली ते सांगते, म्हणजे तू मला नुसती वेंधळी ठरवणार नाहीस. पेटी आली त्या दिवशी मी मऊ ब्रशने एकेक अळी गुलाबाच्या शेंड्यांवर सोडली, जिथे रस शोषणाऱ्या बारीक किडींचा मावा सगळ्यात दाट होता. काळ्या, अंगावर नारिंगी ठिपके, बारक्या मगरींसारख्या. त्या गोल, तांबड्या, काळ्या ठिपक्यांच्या ढालकिड्यांशी काही साम्य नाही. आत्या भिंगातून बघून म्हणाली, 'ही जर ढालकिड्याची पोरं असतील तर मी राजाची राणी.' तरी खायला काय लागल्या. मावा तोंडात धरून असा चोखायच्या की मागे नुसती साल राहायची. आणि मग एकेक करून थांबल्या. पानाच्या पाठीला शेपटीकडून चिकटल्या, कुबड काढून आखडल्या, रंगही पालटला.

मी बाबांनी शिकवलेली तपासणी केली. तीच, तुला माहीत असलेली. फवारणीच्या दुसऱ्या दिवशी भिंग घेऊन ओळीने जायचं, प्रत्येक पान उलटायचं, आणि जे चिकटलंय पण हलत नाही ते मेलेलं धरायचं. बाराखडीच्या आधी आपण हे शिकलो. मी ओळीने गेले. काहीच हलत नव्हतं. म्हणून बाबांना सांगितलं, मेल्या. तुलाही तेच लिहिलं.

काल मेलेल्या पुसून काढाव्यात म्हणून ओलं फडकं घेऊन बसले. पहिल्याच पानाला पाणी लागलं आणि ते कुबड ताडकन उभं राहिलं. शेपटीचं टोक पानाला तसंच, बाकीचं अंग वर. मग सावकाश खाली आलं. मी फडकं टाकून मागे सरकले आणि कुंडीला लाथ बसली. थोड्या वेळाने दुसऱ्या पानावर थेंब सोडला. तीही उभी राहिली.

हे कोष आहेत ना? तुझ्या चिठ्ठीत 'पुढे कोष होईल' असं एक वाक्य होतं. मला वाटलं कोष म्हणजे रेशमाच्या किड्यासारखं काहीतरी धाग्यात गुंडाळलेलं असेल. आपल्या घरच्या शाळेत कोष तेवढाच होता.

आता जे लिहायचंय त्याने माझा हात जड झालाय. डॉक्टरीणबाईंनी जानेवारीत बाबांना फवारणी कायमची बंद सांगितली, हे मी तुला कळवलं होतं. पण बाबा कसे कबूल झाले ते कळवलं नव्हतं. ते म्हणाले होते, 'हिच्या किड्यांनी मावा खाल्ला तर पंप माळ्यावर. नाही खाल्ला तर माझं मी बघेन.' डॉक्टरीणबाईंसमोर ठरलं ते. आणि मी आपल्या तोंडाने जाऊन त्यांना सांगितलं की किडे मेले. त्यांनी वाद घातला नाही, उलट माझी बाजू घेतली. आत्याला माझ्याबद्दल म्हणाले, 'आपल्या शंकासुराने स्वतः तपासलंय. ती खात्री झाल्याशिवाय तोंड उघडत नाही.' आणि पंप बाहेर काढला.

शहराच्या बागांसाठी रोपं घेणाऱ्या बाई शनिवारी, बावीस तारखेला, गाडी पाठवणार आहेत. आपल्या रोपवाटिकेच्या काचघरातले सगळे गुलाब त्यांनाच जायचेत. बाबा म्हणतात, गुरुवारी वीस तारखेला पहाटे फवारतो, दोन दिवसांत वास उडेल.

मी त्यांना अजून सांगितलेलं नाही की मी चुकले. आज सांगणार आहे. पेटी तुझ्याकडून आली हे मात्र सांगणार नाही. 'मागवल्या' एवढंच मी म्हणाले होते, कुणाकडून ते त्यांनी विचारलं नाही. याला खोटं बोलणं म्हणतात का, हे माझं रोज नव्याने ठरतं.

कोष फुटायला किती दिवस लागतात ते लगेच लिही. पत्र नेहमीसारखं आत्याच्या नावाने.

तुझी,
धाकटी


शुक्रवार, ७ मार्च

ताई,

सांगितलं. उपयोग झाला नाही.

सोमवारी सांगेन म्हणाले होते, पण सोमवारी त्यांचं डोकं दुखत होतं. मंगळवारी गिऱ्हाईक होतं. ही सगळी माझी कारणं आहेत, मला कळतं. बुधवारी जेवताना सांगितलं.

'बाबा, त्या अळ्या मेलेल्या नाहीत. ते कोष आहेत.'

त्यांनी घास खाली ठेवला नाही. 'गेल्या आठवड्यात मेल्या होत्या.'

'मी चुकले.'

'बरं. आज जिवंत आहेत. उद्या?'

आत्या म्हणाली, 'अरे, तिचं ऐकून तरी घे. तुझ्या कोंबड्याने आरवल्यावरच उजाडतं असं काही नाही.'

'अक्का, तू वाढ.'

'वाढतेय. जेवण वाढतेय, तुझा हट्ट आपोआप वाढतोय.'

तेव्हा ते थोडे हसले. मला धीर आला. जेवण झाल्यावर मी त्यांना काचघरात घेऊन गेले. एक पान उलटून पाण्याचा थेंब सोडला. कोष उभा राहिला, अगदी छान, बघ म्हटल्यासारखा. बाबा वाकून बघत राहिले. मला वाटलं, पटलं. मग ते म्हणाले, 'मेलेला सापही वळवळतो,' आणि अंगठा त्यावर ठेवून दाबला. नारिंगी पाणी निघालं. अंगठा सदऱ्याला पुसला आणि म्हणाले, 'आता वळवळतो का बघ.'

रागाने नव्हते म्हणाले. ते रागाने म्हणाले असते तर मला इतकी भीती वाटली नसती.

आणखी एक गोष्ट आहे. ती मी तुला अर्धीच लिहिली होती, आता पुरती लिहिते. जानेवारीत बाबांना 'फवारताना चक्कर आली' असं मी कळवलं होतं. चक्कर हा शब्द आत्याचा. मी काय पाहिलं ते हे: थंडी म्हणून काचघराच्या खिडक्या बंद होत्या आणि ते आत फवारत होते. नेहमीसारखे, उघड्या हातांनी, तोंडाला काही न बांधता. तोंड बांधून चोर जातात, असं ते म्हणतात, तुला माहीतच आहे. मी बाहेर कुंड्यांत माती भरत होते. पंपाचा आवाज थांबला. नेहमी ओळ संपली की थांबतो, म्हणून मी लक्ष दिलं नाही. मग बराच वेळ सुरूच झाला नाही.

ते दोन बाकांच्या मधे गुडघ्यांवर होते. तोंडातून लाळ गळत होती, एखाद्या तान्ह्या मुलाची गळते तशी, आणि ती त्यांना पुसता येत नव्हती. डोळ्यांतून पाणी. सदरा घामाने चिंब. हाताच्या मांसात आतून काहीतरी फडफडत होतं, कातडीखाली, इकडून तिकडे. मी त्यांचं तोंड वर केलं तर डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. त्या डोळ्यांनी ते माझ्याकडे बघत होते, पण मी दिसत होते की नाही कोण जाणे. मला म्हणाले, 'काळोख का केलास?' दुपार होती, ताई.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दंडात सुई टोचली, पुन्हा टोचली, तेव्हा कुठे श्वास नीट सुरू झाला. नंतर मला बाहेर बोलावून त्या म्हणाल्या, 'हे विष सोसायची जी शक्ती रक्तात असते ती यांच्या रक्तात जवळजवळ उरलेली नाही. वर्षानुवर्षं थोडं थोडं विष घेऊन ती आटली. भरायला महिने लागतील. तोवर दुसऱ्याला जेवढ्याने नुसती शिंक येईल तेवढंही यांना पुरेल.' मी विचारलं, पुरेल म्हणजे? त्या म्हणाल्या, 'तुम्ही शिकलेल्या आहात ना?' मी म्हटलं, घरीच. तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितलं, 'पुढच्या वेळी इथे पोचेपर्यंत ते टिकणार नाहीत.'

हे मी तुला लिहिलं नाही, कारण तू ताबडतोब निघाली असतीस. आणि तुला दारात बघून बाबांचं काय झालं असतं ते मला सांगता येत नाही. 'किडे शिकायला माणसं सोडून गेली' हे वाक्य ते अजूनही म्हणतात. तुझं नाव न घेता म्हणतात.

आता ते बरे दिसतात. चालतात, जेवतात, गिऱ्हाइकांशी घासाघीस करतात. पण परवा कलमाला डोळा भरताना, दुसऱ्या गुलाबाचा कोंब सालीत बसवताना, त्यांची सुरी सटकली. आख्खं आयुष्य गुलाबाचे डोळे भरण्यात गेलं त्यांचं, डोळे मिटून भरतील असा हात. सालीत इंग्रजी 'टी'च्या आकाराची चीर दिली, डोळा आत सरकवला, आणि पट्टी गुंडाळताना बोटं थरथरून डोळा खाली पडला. त्यांनी तो मातीतून उचलला, माझ्याकडे बघितलं, आणि खिशात टाकला. मी दुसरीकडे बघत असल्यासारखं केलं.

मावा पुन्हा वाढतोय. अळ्या कोषात गेल्यापासून त्याला खाणारं कुणी नाही. कळ्यांखाली थर बसलाय, पानं चिकट झालीत, आणि माव्याने सोडलेल्या गोड चिकट्याच्या मागे मुंग्या आल्यात. बाबा रोज सकाळी येऊन बोटाने चिकटा बघतात आणि बोट सदऱ्याला पुसतात. त्यांचं चूक नाही. रोपं वाईट दिसतात. तुझ्याशी मी खोटं बोलणार नाही, आत्ता कुणी बघितलं तर तेही म्हणतील, फवारा.

धाकटी


गुरुवार, १३ मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं. आत्याने उशीखालून काढून दिलं. देताना म्हणाली, 'तुम्हा बहिणींच्या टपालापायी मला या वयात चोरटी व्हावं लागलं.'

तू लिहिलंस तसं केलं. किडे उडून जाऊ नयेत म्हणून वरच्या खिडक्यांना जाळी मारली. बाकांचे पाय पाण्याच्या वाडग्यांत ठेवले, त्यामुळे निम्म्या मुंग्या थांबल्या. मुंग्या मावा राखतात, खाणाऱ्याला हाकलतात, हे मला माहीत नव्हतं. आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, 'म्हणजे चिकट्यासाठी गुराखी झाल्या की.' तिला एकदम पटलं. बाबांना सांगायची तिची पद्धत मात्र वेगळी होती. 'अरे, तुझ्या काचघरात मुंग्यांनी गोठा घातलाय.'

आणि ते बाहेर आले. तू लिहिलं नसतंस तर मी पुन्हा चुकले असते. पहिला निघाला तो पिवळा होता, मऊ, ओलसर, अंगावर एकही ठिपका नाही. मी म्हटलं असतं, रोगट आहे, मरणार. पण तू लिहिलं होतंस, थांब. मी स्टूल घेऊन बसले. तो रिकाम्या कोषावर पाय रोवून उभा राहिला, पंख खालून बाहेर काढले, वाळवले. कितीतरी वेळ काही नाही. मग पाठीवर करडी छटा आली, जणू आतून कुणीतरी फुंकर मारतंय, आणि तिचे ठिपके झाले. दुपारपर्यंत तो तांबडा झाला होता, पुस्तकातल्यासारखा. मी रडले. का ते विचारू नकोस.

संध्याकाळी त्याने पहिला मावा खाल्ला. आज सकाळी माझ्या डोळ्यांना बरेच दिसले. पण तू लिहितेस त्याचा अर्थ मला नीट कळतोय. हे आता खातील, जोड्या जमवतील, अंडी घालतील, मग अळ्या येतील, आणि खरं काम त्या अळ्या करतील. एप्रिलचा मध्य उजाडेल. गाडी बावीस मार्चला आहे. मधल्या एवढ्या दिवसांचं काय करायचं ते तुझ्या पत्रात नाही. तुझा दोष नाही, ते किड्यांच्या शास्त्रात नसेलच.

बाबांनी ठिपके बघितले. म्हणाले, 'सुरेख आहेत. एक रोप साफ करायला यांना किती दिवस लागतील?' मी खरं सांगितलं. ते म्हणाले, 'म्हणजे गाडीनंतर.'

'बाईंना सांगून गाडी पुढे ढकलता येईल.'

'काय सांगून? माझ्या रोपांवर मावा आहे म्हणून?' मग अगदी शांतपणे, 'माझ्या हातचं रोप किडीसकट बाहेर गेलं असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. ते म्हणायची वेळ माझ्या आधी येऊ नये, एवढंच.'

माझ्या आधी म्हणजे काय ते मी विचारलं नाही. मी भित्री आहे, ताई. तुझ्यासारखी मी कधीच नव्हते.

काल त्यांनी फवारणीच्या विषाचा नवा डबा आणला. जुन्यापेक्षा जहाल, असं दुकानदार म्हणाला म्हणे. खरा आहे की भेसळीचा हे बघायला त्यांनी झाकण काढून वास घेतला, सवयीने, दुधाचा घेतात तसा. एकच वास. झाकण परत लावलं. मी भांडी घासत होते. थोड्या वेळाने ते खुर्चीत बसले आणि खोकायला लागले. आत्या पाणी घेऊन गेली. मी त्यांच्या समोर जमिनीवर बसले आणि वर डोळ्यांत बघितलं. बाहुल्या बारीक झाल्या होत्या. टाचणीएवढ्या नव्हत्या, राईच्या दाण्याएवढ्या असतील, पण खोलीत उजेड कमी होता, म्हणजे मोठ्या असायला हव्या होत्या. नाकातून पाणी गळत होतं. मी दारं खिडक्या उघडल्या, त्यांचा सदरा बदलला, हात साबणाने धुतले. ते मुलासारखे धुवू देत होते. मी म्हटलं, दवाखान्यात जाऊ. ते म्हणाले, सर्दी आहे. तासाभराने उतरलं.

एका वासाने, ताई. पंप भरताना तो डबा उघडायचा, मापायचा, पाण्यात ओतायचा, ढवळायचा. मग पाठीवर घेऊन बंद काचघरात ओळीमागून ओळ.

रात्रभर विचार करून आज सकाळी मी त्यांना म्हटलं, 'बाबा, फवारायचंच असेल तर मी फवारते. हातमोजे घालते, तोंडाला मास्क लावते, पूर्ण अंग झाकते. डॉक्टरीणबाई म्हणतात माझ्या रक्तातली ती शक्ती शाबूत आहे.'

ते पंपाच्या तोटीतला कचरा तारेने काढत होते. तार थांबली. म्हणाले, 'तू पंपाला हात लावायचा नाहीस.'

'का?'

'नाही म्हटलं ना.'

'तोंड बांधून चोर जातात म्हणून?'

तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं. 'तुझं अजून सगळं व्हायचंय,' म्हणाले. आणि पुन्हा तार घालायला लागले.

तुला कळलं का ते काय म्हणाले? मला दुपारी कळलं, रोपांना पाणी घालताना. त्यांना माहीत आहे. आजवर मला वाटत होतं की ते डॉक्टरांवर विश्वास ठेवत नाहीत, हट्टी आहेत, जुन्या वळणाचे आहेत. म्हणून मी त्यांना पटवत बसले, थेंब टाकून कोष दाखवत बसले. पटवायचं काही राहिलेलंच नव्हतं. हे विष माणसाचं काय करतं हे त्यांना माझ्यापेक्षा नीट माहीत आहे. माझ्यासाठी ते त्याला घाबरतात. स्वतःसाठी घाबरत नाहीत.

मी आत्याला सांगितलं. एरवी ती लगेच टोमणा मारते. आज हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, 'तुझी आई गेल्यापासून त्याचं असंच आहे. काम नीट झालं पाहिजे. माणूस राहिलं काय, न राहिलं काय.'

तू लिहितेस, मी निघते, समोर उभी राहते, बघू कसे फवारतात. नको येऊस. पाया पडते. तुम्ही दोघं भांडलात की बाबांना श्वास लागतो, आणि आत्ता त्यांना श्वास लागलेला मला चालणार नाही. मला काही सुचेल. सुचलं नाही तर कळवेन.

धाकटी


सोमवार, १७ मार्च

ताई,

हे पत्र तुला मिळेल तेव्हा मी केलेलं असेल किंवा माझा धीर सुटलेला असेल. सुटलेला असेल तर तेही लिहीन.

आधी जे सोडून दिलं ते सांगते, म्हणजे तुला तेच पुन्हा सुचवावं लागणार नाही. पंप मोडणं: ते दोन तासांत दुरुस्त करतात, आपण लहानपणापासून बघतोय. डबा लपवणं किंवा ओतून टाकणं: दुकान जवळ आहे, नवा आणतील आणि त्याचाही वास घेतील. आणि ओतायचं कुठे? गटारात ओतलं तर खाली कुणाकुणाच्या विहिरी आहेत. काचघराला कुलूप लावणं: ते दार त्यांनीच बसवलंय. मी आत बसून राहणं: यावर मी बराच विचार केला. मी आत असताना ते फवारणार नाहीत, याची मला खात्री आहे. पण मी कधीतरी बाहेर येणार, आणि ते वाट बघतील. वाट बघण्यात त्यांना कुणी हरवू शकत नाही.

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. त्या म्हणाल्या, 'मी घरी येऊन त्यांना बांधून ठेवू का? मी सांगायचं ते सांगितलं.' मग जरा नरमल्या आणि विचारलं, 'त्यांना हे करायचंच का आहे?' मी म्हटलं, शनिवारी रोपं स्वच्छ जायला हवीत म्हणून. त्या म्हणाल्या, 'आणि शनिवारी रोपं जायचीच नसतील तर?'

मी घरी चालत आले. रस्ताभर तेच वाक्य.

दुपारी फोन वाजला. बाबा काचघरात होते, म्हणून मी घेतला. खरेदीच्या बाई होत्या. चांगल्या आहेत त्या, बाबांना फार मानतात. म्हणाल्या, 'गाडी शनिवारी सकाळी. रोपं नेहमीसारखी आहेत ना? तुमच्या बाबांचं रोप मी बघतसुद्धा नाही, सरळ उतरवून घेते.' मी बाहेर काचघराकडे बघितलं. त्या म्हणाल्या, 'हॅलो?' मी म्हटलं, 'बाबांना निरोप देते,' आणि ठेवला. बाबांना निरोप दिला. गाडी शनिवारी सकाळी. त्यात खोटं काही नव्हतं. पण बाईंच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नव्हतं, आणि दुपारपासून मी ते उत्तर मनात जुळवत बसलेय.

उत्तर असं आहे: रोपं नेहमीसारखी नाहीत. त्यांच्यावर मावा आहे. ढालकिडे सोडलेत, ते खातायत, एप्रिलच्या मध्याला रोपं स्वच्छ होतील, आणि त्यांच्यासोबत ढालकिडेही तुमच्या बागेत येतील. थांबता येत असेल तर थांबा, नसेल तर दुसरीकडून घ्या. पण शनिवारी गाडी पाठवू नका, कारण गाडी येणार म्हणून माझे वडील गुरुवारी फवारतील, आणि ते त्यात जातील.

हे मला बाईंच्या तोंडावर जाऊन सांगायचंय. फोनवर माझा आवाज फुटतो आणि लोकांना वाटतं मी रडतेय. एकदा बाईंना कळलं, मग बाबांकडे फवारायला काही कारण उरत नाही. झाकायचं होतं ते उघडंच पडलेलं असेल. निदान मला असं वाटतं. माझं याआधीही काय काय वाटणं चुकलंय ते तुला माहीत आहे. कदाचित ते तरीही फवारतील, नुसत्या संतापाने. मी हा विचार करते तेव्हा उठून ते झोपलेत का बघून येते.

आणि हेही मला कळतं की मी त्यांच्याकडून काय काढून घेतेय. आयुष्यभराचा त्यांचा एक शब्द आहे, आणि तो त्यांची मुलगी मोडणार, चारचौघांत, त्यांना न विचारता. कान टोचायचे तर सोनारानेच टोचावेत म्हणतात. इथे सोनारही मीच आणि जिच्या घरचं सोनं जाणार तीही मीच. आत्याला सांगितलं. मला वाटलं ती अडवेल. ती म्हणाली, 'अब्रू गेली तर वर्षभर जेवणात मीठ कमी लागतं. माणूस गेलं तर ताटच एक कमी.' मग म्हणाली, 'मी सांगितलं असं सांगू नकोस हं त्याला.' मग परत आली आणि म्हणाली, 'सांग. काय करणार आहे, मी थोरली आहे.'

एका गोष्टीवर मी अडले होते. बाबांना आधी सांगावं की नंतर? आधी सांगितलं तर ते मी पोचायच्या आत बाईंना फोन करतील, म्हणतील, पोरगी घाबरट आहे, मनावर घेऊ नका, आणि बाई त्यांचंच ऐकतील. नंतर सांगितलं तर मी त्यांच्या पाठीमागून गेले असं होईल, आणि पाठीमागून मला काही करायचं नाही. पेटीचं केलं तेवढं पुरे. म्हणून असं ठरवलंय: बाईंच्या कचेरीचं दार नऊला उघडतं आणि आपल्याकडून तिथे अर्ध्या तासाची वाट आहे. मी आवरून, चपला घालून, उंबऱ्याबाहेर उभी राहीन आणि तिथून त्यांना सांगेन. कुठे जातेय, कशाला जातेय, काय बोलणार आहे. अळ्यांची पेटी कुणी पाठवली तेही सांगेन. ताई, तुझं नाव घेऊन सांगेन. मग वळेन आणि चालायला लागेन. त्यांनी हाक मारली तरी थांबणार नाही. ते फोनपाशी गेले तर आत्या फोनवर बसलेली असेल. ती म्हणते, या वजनाचा आजवर कुणाला उपयोग झाला नाही, आता होऊ दे.

परत आल्यावर ते मला घरात घेतील की नाही, ठाऊक नाही. तुला जे म्हणाले होते ते मलाही म्हणतील कदाचित. म्हणाले तर आत्या त्यांच्याजवळ राहील, मी तुझ्याकडे येईन, तुझ्या त्या एका खोलीत जमिनीवर झोपेन. मला स्वयंपाक बरा येतो आणि मी जागा फार घेत नाही. पण आधी शनिवार उलटू दे. शनिवार उलटेपर्यंत मी त्यांनी हाकललं तरी कुंपणाबाहेर बसून राहीन.

तू मात्र लगेच येऊ नकोस. मी लिहिलं की ये. आणि मला धीर दे असंही म्हणत नाही, कारण पत्र पोचून उत्तर यायला वेळच नाही. तुला एवढंच कळावं म्हणून लिहिलं की मी हे भांडून करत नाहीये. मी त्यांच्यावर रागावलेलीसुद्धा नाही. आज संध्याकाळी ते काचघरात एका कुंडीपाशी बसले होते. एक ढालकिडा त्यांच्या बोटावर चढला होता आणि ते बोट फिरवत होते, वरची बाजू खाली, खालची वर, म्हणजे तो चालतच राहील. मला बघून त्यांनी तो परत पानावर ठेवला. 'गुरुवारी हेही जातील,' म्हणाले. 'वाईट वाटतं.'

मी तेव्हाच सांगणार होते. तोंड उघडलंही होतं. पण उद्या मंगळवार, बाईंची कचेरी बंद असते, आणि आज सांगितलं असतं तर त्यांना माझी समजूत घालायला पूर्ण एक दिवस मिळाला असता. त्यांनी समजूत घातली की माझं काही चालत नाही, हे मला माहीत आहे, आणि त्यांनाही.

म्हणून परवा. बुधवार, एकोणीस मार्च, सकाळी साडेआठ वाजता.

धाकटी